सही करायला आलेले काका

मुलांनो, ताईचं कॉलेज वर्षभर पुढे का गेलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा तुमचा मामा "पैशांचा थोडा घोळ झाला" एवढंच म्हणाला. तेवढ्यावर तुमचं समाधान झालं नसणार. म्हणून झालं ते क्रमानं लिहिते.

ताईला, म्हणजे मामाच्या लेकीला, फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळाला होता. पूर्वी इकडे परदेशात अशा शिक्षणाला कॉलेजचा जेवढा खर्च असेल तेवढं कर्ज सरकार द्यायचं. आता त्याला मर्यादा घातली आहे. डॉक्टर, वकील होणाऱ्यांसाठी ती मोठी आहे, फिजिओथेरपीसाठी लहान. ऐकीव गोष्टींवर मी विसंबत नाही, म्हणून नियम स्वतः वाचला. इंग्रजी समजलं, कारण समजलं नाही.

वरची रक्कम खासगी कंपनीकडून घ्यायची, तर चांगली नोकरी असलेला कुणीतरी जामीन लागतो. मामाची नोकरी तेव्हा सुटली होती आणि मामी शाळेत अर्धवेळ काम करते. दोघांचीही सही चालेना. ताईचा प्रवेश त्या एका सहीवर अडला.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात हे कुणाकडून तरी एका काकांच्या कानावर गेलं. ओळख असली तरी आमचं जाणं-येणं फारसं नव्हतं. त्यांचा फोन आला, "सही ना? मी करतो. त्यात काय एवढं."

मामाला भरून आलं. मी विचारलं, "हे का करतायत?"

"आई, आपली माणसं आहेत."

"आपली कधीपासून?"

तो उठून गेला.

पुढच्या रविवारी काका आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे आले. चहा झाला. काकांनी ताईला विचारलं, "तुझा जन्म इथलाच ना?" सरकारी कर्ज नागरिकांना मिळतं, म्हणून विचारत असतील, असं मला वाटलं. पण सरकारी कर्जाशी यांचा काय संबंध? सही तर खासगी कर्जावर करायची होती. मग बोलता बोलता त्यांच्या भाच्याचा विषय निघाला. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, दूर बॉथेल गावी असतो, स्वभावानं शांत, स्वयंपाकही करतो.

"व्हिसाचं काय?" मी विचारलं.

"चाललंय हो, मावशी. सध्या सगळ्यांचंच अवघड आहे."

इथे जन्मलेल्या मुलीशी लग्न झालं, की मुलाचा व्हिसाचा प्रश्न सुटतो, एवढं मला ठाऊक होतं.

निघताना काकूंनी ताट मागितलं. मामीनं स्टीलचं ताट दिलं. त्यात त्यांनी पिशवीतून काढून ठेवलं: नारळ, तांदूळ, पेढ्यांचा पुडा आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेली खरी जरीची साडी. काकू ताईला म्हणाल्या, "इकडे ये गं, पदर नाही तर ओढणी पुढे धर." ताईनं मोबाइल बाजूला ठेवला आणि हसत ओढणी पसरली. तिला ते कौतुकाचं काहीतरी वाटलं. मामा तर फोटो काढायला उभा राहिला. इतकी वर्षं इथे राहून मामा-मामी दोघंही हे विसरले, की लग्न न झालेल्या मुलीची साडी-नारळानं ओटी मुलाकडची माणसं साखरपुड्याला भरतात.

मी ओढणीखाली हात धरला.

"हे कशाचं?"

"काही नाही हो मावशी, ॲडमिशनचं कौतुक."

"कौतुकाला पेढे आणा. तांदूळ कशाला?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "मावशी, तुम्ही अजून जुन्याच जमान्यात आहात. आम्ही आपलं शुभ म्हणून आणलं."

"मग पेढे ठेवते. बाकीचं घेऊन जा."

ते गेल्यावर मामा माझ्यावर भडकला. "तुझ्या संशयापायी पोरीचं वर्ष जाईल." त्याचं चूक होतं असंही नाही. पुरावा माझ्याकडे नव्हता. भाच्याचा विषय त्यांनी सहजही काढला असेल.

ओटी म्हणजे काय, ते ताईनं मला नीट विचारून घेतलं. मग सगळ्यांसमोर स्पीकर लावून फोन केला. "काका, थँक यू सो मच. फक्त एक क्लिअर करते. मी तुमच्या भाच्याला भेटणार नाहीये. लग्नाचा विषयच नको. तरी साइन करणार ना?"

काका मोठ्यानं हसले. "अगं वेडे, असं कुठे असतं का?"

"म्हणजे करणार?"

"करणार म्हणजे... बघू. यंदा आमचंही घराचं कर्ज आहे. काकूशी बोलतो."

"पण काकू त्या दिवशी शेजारीच बसल्या होत्या," ताई म्हणाली.

मामानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. काकांनी नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. कळवलं नाही. मंडळात भेटले तेव्हा माझ्या गुडघ्यांची मात्र फार चौकशी केली.

ताईनं कॉलेजला विचारून प्रवेश वर्षभर पुढे ढकलला. ती आता एका क्लिनिकमध्ये मदतनीस आहे, म्हाताऱ्यांना जिना चढायला शिकवते. मामाला नवी नोकरी लागली आहे, पण त्याची सही चालायला ती आणखी काही महिने टिकायला हवी. तो कामावरून उशिरा आला, की जेवायला वाढण्याआधी मी त्याचा चेहरा वाचते. तो विचारतो, "काय बघतेस?" मी म्हणते, "काही नाही, हात धुऊन ये."