आठ दिवसांचा चीन

“हे आठ दिसासाठी चीनला गेलते. आजून म्हागारी आले न्हाईत.”

पाइपवाल्या काकूंनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं तेव्हा पाइपवाले काका त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि थर्मासमधून त्याच गिऱ्हाइकासाठी गरम पाणी ओतत होते. मे महिना होता. दुपारी मांजरसुंब्याच्या चौकातलं डांबर चपलेला चिकटत होतं. गिऱ्हाइकानं वाफाळत्या पेल्याकडं पाहिलं, मग काकांकडं पाहिलं, आणि काकूंचं म्हणणं त्याला पटलेलं दिसलं. मी कोपऱ्यात नळ्यांच्या एका वेटोळ्यावर बसले होते. मलाही ते पटलं होतं, फक्त मी तसं बोलले नाही. मी सहसा बोलत नाही.

पाइपवाले काका माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, जुने मित्र. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतात. काही वर्षांपूर्वी नळ्यांच्या कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना चीनमधला एक कारखाना दाखवायला नेलं, त्यांत काका होते. त्याआधी ते लांबात लांब गेले होते ते श्रीशैलला. तरीही इतक्या थोड्या दिवसांत चीनबद्दल इतकं शिकून आलेला दुसरा माणूस अख्ख्या भारतात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे लिहू शकते. बाकीचे दुकानदार परत येताना मोबाइलची कव्हरं आणि नातवंडांना खेळणी घेऊन आले. काकांनी सवयी आणल्या.

चीनमध्ये पाणी मागितलं की बहुतेक वेळा गरम मिळतं, हे खरं आहे. पण ते बीडच्या उन्हाळ्यात प्यावं असं तिथल्या कुणी सांगितलेलं नाही. काकांनी दुकानातला माठ घरी पाठवला आणि उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात, “घ्या, पोट साफ ऱ्हातं,” म्हणत वाफाळता पेला द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी शेजारच्या रसवंतीवाल्यानं आणखी चार बाकडी टाकली. शिवाय तो पेला ते दोन्ही हातांनी देतात, कारण तिथं कार्ड असो की भेटवस्तू, एका हातानं देणं बरं दिसत नाही. काका आता नळीचं बंडल, पावती, सुटा स्क्रू, सगळंच दोन्ही हातांनी आणि किंचित वाकून देतात. नांदूरघाटचा एक शेतकरी दुकानात पहिल्यांदाच आला होता, त्याला वाटलं आपला सत्कार चालला आहे. त्यानं टोपी सारखी केली, ठिबकचा फिल्टर स्वीकारला आणि फोटो निघेल म्हणून बराच वेळ दाराकडं तोंड करून उभा राहिला.

चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत मोजतात. सहा दाखवायचे तर अंगठा आणि करंगळी ताणायची, मधली तिन्ही बोटं मिटायची. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात काकांनी रस्त्यापलीकडच्या धाब्याला सहा चहा अशाच सांगितले. आपल्याकडं त्या खुणेचा अर्थ वेगळाच होतो. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, सुपारीसुद्धा न खाणारा माणूस भर चौकात हात उंच करून दारू मागतोय, ही बातमी संध्याकाळपर्यंत पालीला आमच्या घरी पोचली. आबा तसेच गाडी काढून गेले. “आप्पा, काही टेन्शन हाय का?” त्यांनी काकांना हळूच विचारलं. काकांनी त्यांना एक ते दहा शिकवून परत पाठवलं.

आणि ती चिठ्ठी. परक्या शहरात टॅक्सीवाल्याला आपली भाषा येत नाही, म्हणून हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायचं, हा त्यांचा सल्ला उत्तमच आहे. पण काका अंबाजोगाईला लग्नाला जातानाही खिशात ‘मांजरसुंबा, चौकात, लिंबाच्या झाडासमोर’ अशी चिठ्ठी ठेवतात. “माणूस कुटंबी चुकू शकतो,” ते म्हणतात. “चुकू द्या की एकदा,” काकू म्हणतात.

हे सगळं मीही बाकीच्यांसारखं ऐकून सोडून दिलं असतं. पण यंदा मी पुण्यात ज्या कंपनीत लागले ती विजेची बटणं बनवते, आणि त्यांचे सुटे भाग चीनमधून येतात. ते तिथल्या कारखान्यातच तपासायला एक माणूस सहा महिने पाठवायचा होता. साहेबांनी माझं नाव सुचवलं. त्यांना माझे ई-मेल आवडले होते. होकार पंधरा दिवसांत कळवायचा होता, म्हणून मी सुट्टी काढून घरी आले. मला जायचं होतं, इतकं की घरात ते कुणाला नीट सांगितलंसुद्धा नव्हतं, न जाणो कुणी ‘का’ म्हणून विचारलं तर.

आबा कधी नाही म्हणत नाहीत, अट घालतात. “परक्या मुलखात तुझ्यासाठी कोण बोलणार?” ते म्हणाले. “धाब्यावर मीठ पाहिजे असलं तरी तू माझ्या कानात सांगतीस. ज्या दिवशी आपल्या तोंडानं वाढप्याला हाक मारशील, त्या दिवशी मी स्वतः तुला विमानतळावर सोडीन.”

अट अवघड होती आणि आबांना ते माहीत होतं. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत बोलायच्या आधी हात वर करावा लागायचा. पुढं ती सवयच लागली. वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवायचं, मग मराठीत आणायचं, मग त्यातलं जास्तीचं काढून टाकायचं. तोवर वाढपी तिसऱ्या टेबलावर पोचलेला असतो.

काकांना हे कळलं आणि त्यांनी त्या दिवशी अर्धा तास आधी दुकान उघडलं. इतकी वर्षं ते ज्ञान घेऊन बसले होते आणि आज पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडली होती. मी रोज दुपारी स्कूटीवरून घाट चढून दुकानात जायची, गरम पाणी प्यायची आणि वही उघडायची.

“पासपोर्ट जवळच ठिवायचा. रेल्वेलाबी लागतो, हाटेलातबी लागतो,” काका सांगायचे. “मोबाइल भरल्याबिगर घराबाहेर पडायचं न्हाई. तिथं भाजीवालीबी मोबाइलवर पैसे घेती. मोबाइल मेला की माणूस मेला. अन् आपल्या मोबाइलातलं समदं तिथं चालतंच असं न्हाई, म्हणून हितूनच तयारी करून जायचं. मांस खात न्हाई, अंडं खात न्हाई, हे त्यांच्या भाषेत लिहून घे. नुसतं भाजी द्या म्हणलं तर भाजी देत्यात, पर भाजीत खिमा आसतो.”

“खिमा कावून?” काकूंनी आतून विचारलं.

“चवीला. आपुन न्हाई का कूट टाकत?”

एक सल्ला मात्र त्यांनी मला थेट दिला नाही. काकूंना दुकानाच्या मागं बोलावून सांगितला, आणि काकूंनी येऊन माझ्या पिशवीत कागदी रुमालांचं पाकीट सरकवलं. “तिकडं बाथरूमात सगळीकडं कागद नसतो म्हणं,” एवढंच त्या बोलल्या. आम्ही तिघंही थोडा वेळ रस्त्याकडं बघत बसलो.

सगळ्यात मोठा धडा हाकेचा. “तिथं हाटेलात वाढपी आपणहून येत न्हाई, माय. वाट बघत बसलीस तर बसूनच ऱ्हाशील. फूवूयेन, म्हंजी वाढपी, आशी हाक मारायची, पार भटारखान्यात ऐकू गेली पाह्यजे. कुणाला राग येत न्हाई, तिथली रीतच हाय.” मग आम्ही रस्ता ओलांडून धाब्यावर जायचो. तिथले वाढपी पन्नाशीचे, भरघोस मिशांचे एक मामा आहेत. काकांनी इतकी वर्षं हाक मारून मारून त्यांना अशी सवय लावली आहे की फूवूयेन म्हटलं की ते “आलो” म्हणतात. ट्रकवाल्यांना तर ते त्यांचं नावच वाटतं.

पहिल्या दिवशी मी फक्त श्वास घेतला. तिसऱ्या दिवशी “एक्स्क्यूज मी” म्हणाले, पण पंख्याचा आवाज मोठा होता. सहाव्या दिवशी मी हाक मारली असं मला अगदी खात्रीनं वाटलं.

“मारली का?” काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

“आवाज न्हाई आला. पर तोंड हाललं. हाय, सुधारणा हाय.”

मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कसं जमलं.

“मला कुटं जमलं,” काका म्हणाले. “माझी हाक ती पोरगी मारायची.”

काकांच्या चीनमधल्या जेवणाची गोष्ट मीच काय, सगळ्या तालुक्यानं ऐकली होती. त्यात पोरगी नव्हती. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकानं मेजवानी दिली. काकांना लहानपणापासून शिकवलेलं, ताटात शीत टाकायचं नाही. म्हाताऱ्याला लहानपणापासून शिकवलेलं, पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं म्हणजे त्याची भूक बाकी आहे. काका ताट पुसून घ्यायचे, म्हातारा वाढायचा. टोफू झाला, वांगं झालं, आळंबी झाली, पुन्हा टोफू आला. काकांनी पट्टा एकदा सैल केला, मग दुसऱ्यांदा. “दोघंबी आपापल्या आईचं ऐकत हुतो,” ते सांगतात, “मधी माझं पोट.” गोष्ट इथं संपते आणि लोक हसतात.

त्या दिवशी त्यांनी मला पुढचं सांगितलं. “आमच्यासंगं दुभाषी पोरगी हुती. तुझ्याच वयाची. लई गप. आठ दिवसांत कामाबिगर एक शब्द बोलली न्हाई. ती उठून उभी ऱ्हायली अन् मालकाला कायतरी म्हणली. मालकाला, माय. तिची नोकरी हुती तिथं. मग मला हिंदीत म्हणली, अंकल, थोडा छोड दो. मी एक आळंबी ताटात ठिवली. जल्मात पयल्यांदा. तिला हात जोडले अन् उठलो.”

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

काका थर्मासचं झाकण फिरवत राहिले. घट्ट बसलं तरी फिरवत राहिले. “इचारलंच न्हाई. बेटी, बेटी करत हिंडलो आठ दिवस. इमानात बसल्यावर ध्येनात आलं.” मग म्हणाले, “हे वहीत लिही. ज्याच्यासंगं बोलशील, त्याचं नाव आधी इचारायचं.”

चौदाव्या दिवशी आबा आले. काकांनी एवढं शिकवलं म्हणून त्यांनी काकांना धाब्यावर जेवायला नेलं. आम्ही बसलो. मामा लांब तंदूरजवळ उभे होते. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, “हं. मार हाक.”

मी मारली नाही. वाक्य तर एकाच शब्दाचं होतं, जुळवायचं काही नव्हतं, तरी ते आलं नाही. आबा रागावले नाहीत. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि स्वतःच हाक मारली, ती मला रागावण्यापेक्षा जास्त लागली. काकांनी माझ्यापुढं मिठाची वाटी सरकवली. दोन्ही हातांनी.

जेवण सुरू झालं. पिठलं, शेवभाजी, ठेचा, ज्वारीच्या भाकरी. आबा यजमान होते आणि आग्रह करण्यात त्यांना कुणी हरवलेलं नाही. काकांचं ताट रिकामं झालं की आबा मामांकडं बघून मान हलवायचे, मामा वाढायचे. मला वाटलं, काका आता थोडं ताटात ठेवतील. चीनमध्ये ते हेच तर शिकले होते. पण ते चीनमधलं झालं. मांजरसुंब्यात, मित्रासमोर, त्यांचं ताट पुन्हा चकचकीत झालं. तिसरी भाकरी संपली. त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं. चौथी आली. त्यांनी पंच्यानं कपाळ पुसलं आणि आबांकडं बघून हसले. आबांना वाटलं, आप्पांना पिठलं आवडलंय. चौथीतलाही एकच तुकडा उरला. मग काकांचा डावा हात हळूच टेबलाखाली गेला, पट्ट्याकडं. थोड्या वेळानं पुन्हा गेला.

आबांनी मान हलवली. मामा पातेलं घेऊन निघाले.

“फूवूयेन!”

ही हाक माझी आहे हे मला सगळा धाबा वळून बघायला लागला तेव्हा कळलं. मी उभी होते. केव्हा उठले ते आठवत नाही. दोन ट्रकवाल्यांचे घास हातातच राहिले. मामा पळी वर धरून जागच्या जागी थांबले, आणि सवयीनं, पण जरा दचकून, “आलो” म्हणाले.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहताना ते माझ्या मागं, बरंच लांब कुणाकडं तरी पाहत असावेत असं वाटलं. मग त्यांनी हातातला भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात परत ठेवला आणि त्याला हात जोडले.

“काय गं?” आबांनी विचारलं.

पुढचं मी खाली बसून आबांच्या कानात सांगू शकले असते.

“मामा, आता वाढू नका. काकांचं पोट मघाशीच भरलंय, ते सांगायचे नाहीत,” मी म्हणाले. मामांनी पळी पातेल्यात ठेवली. “आणि मामा, तुमचं नाव काय? इतके दिवस विचारायचंच राहिलं.”