तांबड्या शाईची चिठी

तारकर्लीच्या सुगंधाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या घरातला एकही कागद कधी हरवला नाही. माजघराच्या वाशाला तिने तारेचे आकडे टांगले होते, माणशी एक. कुणी मालवणच्या डॉक्टरकडे जाऊन आलं, की चिठी त्याच्या आकड्यात टोचायची. "सुके बांगडे टांगलंस काय गो?" म्हणून शेजारणी चिडवत. सुगंधा ते हसण्यावारी नेई.

थोरल्या सत्यवतीच्या आकड्यावर एक चिठी तांबड्या शाईची होती. बावन्न साली, सात वर्षांची असताना, पेनिसिलीनची सुई टोचताच पोर सुजली, श्वास अडकला. मरता मरता वाचली. "हे औषध हिला पुन्हा द्यायचं नाही. कागद जपा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बासष्टात सत्यवतीचं लग्न बांद्याला ठरलं. पाठवणीच्या दिवशी सुगंधा तो आकडा नवरीच्या ट्रंकेत ठेवायला गेली, तर नवऱ्याने, गणपतने, तिचा हात धरला.

"दुखण्याचे कागद नवरीवांगडा कोण धाडता? रोगी चेडू गळ्यात बांधल्यानी म्हणतीत."

लोक काय म्हणतील, या भीतीपुढे डॉक्टरांचं बजावणं फिकं पडलं. सुगंधाने नवऱ्याचं ऐकलं.

वर्षभरात सत्यवतीला न्यूमोनिया झाल्याचा निरोप आला. तांबडी चिठी कनवटीला लावून सुगंधा निघाली, पण ती बांद्याला पोचेपर्यंत उशीर झाला होता. आदल्या रात्री डॉक्टर आले, तेव्हा पोर शुद्धीत नव्हती. त्यांनी विचारलं, पण सासरचं कुणी काय सांगणार? पेनिसिलीन दिलं आणि पाव तासात सगळं आटोपलं होतं. सासू हौसाबाई रडत म्हणाली, "माका आधी सांगला असतास, तर मी तिका सुई टोचूक दिलंय नसतंय."

सुगंधाने गणपतला कधी दोष दिला नाही. तेच त्याला जास्त झोंबत राहिलं.

सहासष्टात धाकट्या विमलाची पाठवणी होती. ओटी भरून झाली, तेव्हा गणपत माजघरात गेला आणि विमलाचा आकडा स्वतः काढून मांडवात घेऊन आला. व्याह्यांसमोर उभं राहून त्याने एकेक चिठी वाचून दाखवली: देवीची लस, टायफॉइड, मोडलेला हात. शेवटची चिठी तांबड्या शाईची निघाली. बहिणींचं रक्त एकच, म्हणून सुगंधाने ती विमलाच्या आकड्यात टोचून ठेवली होती.

गणपतने ती व्याह्यांच्या हातात दिली.

"ही थोरलीची," तो म्हणाला. "माझ्यामुळे घरात रवली."