मागाच्या ठेक्यावर पियानो

पियानोच्या परीक्षेला दिलेल्या यादीतून तीन रचना निवडायच्या असतात. निवड विद्यार्थ्यानं करायची. माझा घात तिथंच झाला.

शहाणी मुलं आपल्या हाताला काय झेपेल ते बघतात. मी वेगळीच कसोटी लावली. आमच्या भिंतीला लागून शेजारच्या मामांचा टॉवेलचा कारखाना. सकाळी त्यांचे यंत्रमाग सुरू झाले की आमच्या फळीवरच्या कपबश्यासुद्धा खटाक-खट नाचतात. फोनमध्ये ठोके देणारं अ‍ॅप होतं. पण शेजारी एवढे माग ठोके देत असताना ते कशाला उघडा? तेव्हा जी रचना त्या खटाक-खटवर बसेल, ती आपली. दोन सहज बसल्या, तिसरी दामटून बसवली.

माझी निवड बघून पियानोच्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तिन्ही पळणाऱ्याच? एखादी संथ घे की. ही बघ, तीन मात्रांची. गोड आहे."

"लई सोपी आहे मॅडम ती," मी ऐटीत म्हणालो. खरं म्हणजे ती मी घरी वाजवून पाहिली होती. दर तिसऱ्या मात्रेला माग मला सोडून पुढं निघून जायचा.

परीक्षेला पंधरवडा उरला, तेव्हा मॅडमनी त्यांच्या घरी रंगीत तालीम ठेवली. वडील इस्त्रीचा शर्ट घालून ऐकायला आले. एरवी मॅडम पेन्सिल आपटून ठोके देत. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. मी सुरुवात केली. दोन ओळी बऱ्या गेल्या आणि जाणवलं, खोलीत माझ्याशिवाय काहीच वाजत नाही. मग जी घाबरगुंडी उडाली! बोटं सुटली ती सुटलीच. शेवटची ओळ तर मी वाजवली की नुसती ओलांडली, देव जाणे.

"लवकर झालं की!" वडील कौतुकानं म्हणाले.

"कुठली गाडी पकडायची होती रे?" मॅडमनी विचारलं.

मग मागाचं सगळं सांगून टाकलं. मॅडम हसून हसून दमल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ती दामटलेली काढ आणि संथ घे."

"पंधरा दिवसांत बसेल?"

"नाही बसली तर नापास हो. पण स्वतःच्या चालीनं हो."

आता घरात युद्धच. भिंतीपलीकडून खटाक-खट, अलीकडून माझं एक-दोन-तीन. मी मोठ्यानं मोजायचो, तर आई स्वयंपाकघरातून चार म्हणायची. एकदा मामांनी अंगणाच्या भिंतीवरून डोकं काढलं.

"काय रे, तुझी पेटी आमच्या मागाशी जमंना झाली? भांडण झालं काय?"

"व्हय मामा, वेगळं निघालोय."

पुण्यात परीक्षेला पळणाऱ्या दोन्ही रचना धापा टाकत पार पडल्या. संथ रचनेत मध्येच एक बोट चुकीच्या पट्टीवर पडलं. पण पुढचा ठोका वेळेवर आला. तो माझाच होता, कुणाकडून उसना घेतलेला नव्हता. बाकीची रचना मी चक्क ऐकत ऐकत वाजवली.

निकाल फोनवर आला तेव्हा मी गच्चीत होतो. पास! आणि सगळ्यात जास्त गुण संथ रचनेला. मी मामांच्या बाजूच्या कठड्यापाशी धावलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. खाली मामांनी घाईघाईनं माग बंद केले आणि ते बाहेर पळत आले.

"काय झालं?"

"पास झालो, मामा!"

"हात तुझ्या! मला वाटलं, आग लागली."

आणि तिथूनच त्यांनी कामगारांना सगळ्यांसाठी चहा सांगायला फर्मावलं.