न पाहिलेला तिसरा प्रवेश

कुंदाताई गेल्याचं मला जुन्या शाळेच्या ग्रुपवर कळलं. अमरावतीच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती, खिचडीचं पातेलं व्हरांड्यात आलं होतं आणि मी मुलांच्या रांगेपाशी उभा होतो. खिशातला फोन थरथरत राहिला. बाहेर काढला तर हात जोडलेल्या चित्रांची ओळ, आणि सगळ्यांत वर ताईंच्या मुलीचा, वैशालीचा निरोप : आई आज सकाळी गेली. मी फोन परत खिशात ठेवला आणि रांगेतल्या एका पोरावर उगाच ओरडलो. रडू आलं नाही. जे मनात आलं ते सांगायला लाज वाटते. वाटलं, आता विचारायचं राहून गेलं. ताई, तुम्ही असं का केलंत, हे विचारायचं राहूनच गेलं...

नोकरीला लागलो तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याला अपडाऊन करत होतो. बडनेऱ्याला गाडी पकडायची, ताई मूर्तिजापूरला चढायच्या. त्या आमच्या प्राथमिक शाळेतल्या जुन्या शिक्षिका, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आवाज खणखणीत. गर्दीत त्यांचा आवाज आधी यायचा आणि त्या मागून. "सरक ना बापू, का तिकीट दोन सीटचं काढलं तुनं?" पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा 'बापू' झालो. त्यांच्या पिशवीत स्टीलचा एक गोल डबा असायचा, झाकणाला पोचा आलेला. आमच्याकडे वऱ्हाडात कोजागिरीच्या आधी महिनाभर पोरी भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. डबा वाजवून दाखवायचा, ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ताईंनी हा खेळ बारा महिने चालू ठेवला होता. वर्गात चालायचा, तसा गाडीतही. माझ्या कानाशी डबा खुळखुळवून म्हणायच्या, "ओळख." मी म्हणायचो, फुटाणे. "बहिरा झाला का रे? फुटाणे असे वाजतात?" बरोबर ओळखणाऱ्याला पहिला वाटा, हा त्यांचा नियम. शेजारी बसलेले अनोळखी प्रवासीही त्यात ओढले जायचे. एकदा तिकीट तपासणाऱ्यानं 'शेंगदाणे' असं बरोबर ओळखलं आणि पहिली मूठ घेऊनच तो पुढे गेला.

त्या गाडीतच एकदा मी त्यांना माझ्या बहिणीबद्दल सांगितलं. गाडी बराच वेळ मध्येच उभी होती, डबा जवळजवळ रिकामा होता, आणि का कोण जाणे, मी बोलत गेलो. माझी मोठी बहीण, तिला आम्ही माई म्हणायचो. लग्नानंतर ती एकदा हिवरखेडला आमच्या घरी परत आली, ती पाठीवरचे वळ घेऊनच. मी तेव्हा चौथीत होतो. बाबांनी तिला घरात घेतलं, जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोरीनं दिल्या घरी राहावं. तिची पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.पर्यंत सोडायला मला पाठवलं. स्टँडवर माईनं मला लिमलेटची गोळी दिली आणि म्हणाली, "आता जाय. मांगं पाहू नको, मले रडू येते." मी मागे पाहिलं नाही. गोळी चघळत घरी आलो. पुढच्या उन्हाळ्यात, विहिरीवर तिचा पाय घसरला, असा निरोप आला. आमच्या घरात पुन्हा कोणी तिचं नाव काढलं नाही. मी माझ्या बायकोलाही हे सांगितलं नव्हतं. ताईंना म्हणालो, हे कोणाला सांगू नका. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "नाही सांगत, बापू."

पुढे मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो. चारचौघांत ताई मला 'सर' म्हणू लागल्या, पण गाडीत मी बापूच होतो. एका वर्षी गॅदरिंगसाठी त्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांची संगीतिका बसवायला घेतली. विषय विचारला तर म्हणाल्या, "भुलाबाई माहेरी येते, इतकंच." मी मान डोलावली. महिनाभर हॉलमधून ताईंच्या हार्मोनियमचे सूर आणि मुलांचे आवाज येत राहिले, मी कधी डोकावलो नाही. मग एका पालकाची तक्रार आली, की हे मोठ्यांचं नाटक लहान मुलांकडून करून घेताहेत. म्हणून तालीम बघायला जाऊन बसलो. पहिल्या प्रवेशात भुलाबाई माहेरी येते, मैत्रिणी फेर धरतात. दुसऱ्यात घरातली माणसं एका सुरात तिला परत जायला सांगतात, आणि तिचा लहान भाऊ तिची पत्र्याची पेटी उचलतो. भावाचं काम करणारा समीर नावाचा मुलगा चौथीत होता. भुलाबाई झालेली श्रावणी त्याच्या हातात गोळी ठेवते आणि गाते :

मांगं नको पाहू भाऊ, मले येते रडू
गोळी घाल तोंडात, नाही लागणार कडू

मी उठून उभा राहिलो. "बस. आता बंद करा," असं म्हणालो एवढं आठवतं. ताईंची बोटं हार्मोनियमवर तशीच राहिली. मुलं घाबरून माझ्याकडे बघत होती. तिसरा प्रवेश बाकी होता, तो मी पाहिलाच नाही.

कोणी आपल्या घराचं दार फोडून आत यावं आणि आतल्या वस्तू बाजारात मांडाव्यात, तसं मला झालं. वस्तूही कुठली, तर गोळी. ती ह्या जगात दोघांनाच ठाऊक होती, त्यातली एक मरून गेलेली. मी तिसऱ्या माणसाला विश्वासानं सांगितलं, आणि तिनं त्याचं यमक जुळवलं. हे मी ताईंना तेव्हाच, तोंडावर म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी पालकांची बैठक बोलावली.

बैठकीत तक्रार करणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, लेकरायले हे कायले पायजे? सासुरवास, मारझोड... एखादं झाडं लावाचं बसवा न." ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी भुलाबाईत दरसाल काय म्हणते, कधी आयकलं का? त्यातली सासू काय लाडू भरवते का सुनेले?" "ते गाणं हाय मॅडम. त्याचा अर्थ कोण पायते?" "मी पायला, तोच घोटाळा झाला," ताई म्हणाल्या, आणि सगळे हसले. ते गृहस्थही हसले. वातावरण निवळत होतं. दोन-तीन आया तर म्हणाल्या, होऊ द्या, पोरी चांगल्या गातात. मी गप्प राहिलो असतो तर संगीतिका झाली असती.

मी बोललो. म्हणालो, प्रश्न मुलांच्या वयाचा आहे. कोवळ्या मनावर काय परिणाम होईल, ह्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची असते. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून पुढे म्हणालो, की जिची आई स्वतः सध्या नवऱ्याला सोडून माहेरी राहते आहे, त्याच मुलीला भुलाबाई करणं हे तर मला क्रूरपणाचं वाटतं. श्रावणीची आई शेवटच्या बाकावर बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. सगळ्या पालकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर चर्चा झाली नाही. संगीतिका रद्द झाली, आणि गॅदरिंगला मुलं हिरवे कागद अंगाला लावून झाडं झाली.

लोक गेल्यावर ताई हॉलच्या दाराशी थांबल्या होत्या. मला वाटलं, माफी मागतील. त्या म्हणाल्या, "लेकरायचं वय नाही आडवं आलं. तुमचं आलं, सर." आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी 'सर'. त्या दिवसापासून मी त्यांचा बापू राहिलो नाही. गाडीत त्या दुसऱ्या डब्यात बसू लागल्या. वर्षभरानं निवृत्त झाल्या. पुढे माझी बदली संस्थेच्या अमरावतीच्या शाळेत झाली. मध्ये एका लग्नात भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बरे हाय न, सर?" मी म्हटलं, बरा आहे. तेवढंच. आपला अपराध मोठा की त्यांचा, ह्याचा हिशेब मी इतकी वर्षं करत होतो, आणि कुणीतरी आधी बोलावं म्हणून दोघंही थांबलो होतो...

तेराव्याला मूर्तिजापूरला गेलो. मांडवात एक तरुण मुलगी पाणी देत होती. माझ्यासमोर आली आणि थांबली. "सर, ओळखलं का? मी श्रावणी. भुलाबाई." मला तिच्याकडे बघवेना. ती आता अकोल्याला कॉलेजात आहे. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, तुमची संगीतिका राहून गेली. ती म्हणाली, "तुमी तं तिसरा प्रवेश पायलाच नाही, सर. त्याच्यात भाऊ अर्ध्या रस्त्यात पेटी खाली ठेवते. म्हणते, मी नाही नेत. अन् दोघं परत येतात." मी विचारलं, हे ताईंनी लिहिलं होतं? "नाही. त्याईनं आमालेच इचारलं, आता ह्या भावानं काय करावं? समीर म्हणे, जड हाय तं ठेवून द्यावं न. आमी सगळे हसलो. ताई नाही हसल्या. डोळे पुसत होत्या. मंग घरचे दार उघडत नाहीत, तं आमी सगळ्या पोरी धक्का देऊन दार उघडतो. ते दार माह्या डोक्यातलं होतं." मी आईचं विचारलं. "बरी हाय. मामाकडंच राहतो आमी." मग म्हणाली, "त्या मीटिंगनंतर आई वर्षभर शाळेत आली नाही." आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती पुढच्या माणसाकडे गेली.

परत येताना गाडीत मला त्या मुलांचा राग आला. खरंच आला. समीरला जे तालमीत दोन मिनिटांत सुचलं, ते मला त्या रस्त्यावर सुचलं नव्हतं. पेटी जड होती, हे तर मलाही आठवतं. लहान मुलांना असे विषय द्यावेत की नाही, ह्यावर मी अनेक बैठकांत बोललो आहे आणि लोकांनी माना डोलावल्या आहेत. आता मला एवढंच म्हणता येतं, की सगळ्याच विषयांचं ठाऊक नाही, पण ह्या विषयाला ती मुलं लहान पडली नव्हती. श्रावणीला क्रूर काही वाटलं असेल तर ते नाटक नव्हतं, माझं वाक्य होतं. बहिणीचं दुःख चारचौघांत मांडलं म्हणून मी ताईंवर चिडलो, आणि तेच मी एका जिवंत बाईचं केलं. तेही गाण्याशिवाय.

हे सगळं कळूनही ताईंना माफ करता येत नाही. तुम्ही शब्द दिला होता, ताई. एकदा विचारायचं होतं. मी नाही म्हणालो असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही, असं मन सांगतं, आणि त्यानं ते अधिकच लागतं. आणि आता मीही तुमच्याबद्दल हे लिहितो आहे, छापायला देतो आहे, आणि तुम्हाला विचारलेलं नाही.

निघताना वैशालीनं तो डबा माझ्या हातात दिला होता. "आई म्हणे, बापूले द्या. मले वाटलं कोणी नातेवाईक असतील. आईसंगं गाडीनं जाणाऱ्या मामींनी सांगतलं, ते तुमीच." घासून लख्ख केलेला, पोचा तसाच. तो मी शाळेत माझ्या टेबलावर ठेवला. परवा तिसरीतली एक मुलगी हजेरी घेऊन आली, तिनं तो उचलून कानाशी हलवला. मी म्हटलं, ओळख, काय आहे त्यात?

"काहीच नाही, सर. रिकामा हाय."

"बरोबर ओळखलंस."

"मंग काही भेटते का?"

ओळखणाऱ्याला पहिला वाटा. मी तिला म्हटलं, उद्या ये. संध्याकाळी डबा पिशवीत घातला आणि घरी जाताना दुकानात लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. माईच्या हातून घेतलेल्या गोळीनंतर मी त्या कधी विकत घेतल्या नव्हत्या, घरात येऊही दिल्या नव्हत्या. बायकोनं पुडा बघून विचारलं, "हे काय आज? आपल्या घरी तं ह्या चालत नाहीत." मी तिला बसायला सांगितलं. डबा आमच्या दोघांच्या मधे ठेवला, गोळ्या त्यात ओतल्या आणि माईचं नाव घेतलं.