भागीकाकूचा धवला

आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, पण लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण नसली तर हळद लागत नाही. किन्हवलीच्या बाजूला आमची धवलारीण म्हणजे शेजारची भागीकाकू. एक हात कानावर ठेवून, डोळे मिटून धवला म्हणायची आणि मधेच डोळे उघडून दटावायची, ‘नवऱ्या, ताठ बस रे. पोत्यावानी काय पडलास?’ मी तिच्या मागे बसून ओळ झेलायची, तीही ओठांतल्या ओठांत. ती म्हणायची, ‘तुझा आवाज चुलीलाच ऐकू येतो गो.’

काकूला रक्ताचा कॅन्सर झाला. तिला मूलबाळ नाही, म्हणून मुंबईच्या इस्पितळात सोबतीला मी राहिले. औषधासाठी तिच्या छातीत नळी बसवली होती. गुण येत होता. माझ्या लेकीच्या, सुगंधाच्या हळदीला डॉक्टर तिला घरी सोडणार होते.

एका सकाळी नळीतून औषध सुरू झालं आणि काकू थडथडा कापू लागली. चादर गळ्यापर्यंत ओढून मला म्हणाली, ‘गप ऱ्हा. ताप हाय कळला तर सोडतील काय? मग धवला कोन म्हनल, तू?’ दुपारी पुन्हा औषध, पुन्हा कापरं.

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण काकूचे ओठ निळे दिसले, तशी मी उठले आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘सिस्टर, माझी काकू कापते. सकाळपासून लपवते.’

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, ‘रक्तात जंतू शिरलाय. इस्पितळातच लागतो, नळीवाटे जातो. क्वचित सापडतो, आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही.’ त्यांनी नळी काढली, औषध बदललं. तापातच काकू पुटपुटली, ‘बिनआवतनाचा पावना. त्याला पान वाढू नका.’ डॉक्टर हसले. मला हसू येईना. त्या तापात माणूस जातं, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

सुगंधाने हळद पुढे ढकलायला लावली. ‘काकू आल्याबिगर मी पाटावर बसनार नाय.’

ताप उतरला. हळदीच्या दिवशी काकू मुरबाडवरून जीपने आली. तोंडाला मास्क, केस गेलेल्या डोक्यावर पदर. गर्दीत बसू नको असं सांगितलेलं, म्हणून ओटीच्या टोकाला एकटी बसली. कानावर हात ठेवला, डोळे मिटले, पहिली ओळ उचलली आणि दम तुटला. पुढची ओळ मी म्हटली, मोकळ्या गळ्याने. काकूने डोळे न उघडता मान डोलावली. नंतर म्हणाली, ‘इस्पितळात हाक मारलीस तवाच वळखला तुझा आवाज. चुलीचा नाय ऱ्हायला आता.’

काकू बरी झाली. आता हळदीला आम्ही दोघी जातो. धवला बहुतेक मीच म्हणते. नवऱ्याला दटावायचं काम मात्र तिने कुणाला दिलेलं नाही.