छपराखालची बादली

आटपाडीला आमच्याकडं पाणी टँकरचं. कधी सर आलीच, तर आई आधी वळचणीखाली भांडी लावायची आणि मग आम्हाला घरात घ्यायची. अशा घरातली मी पहिली पदवीधर. कंपनीनं मला जपानला पाठवलं, तेव्हा मी आईलाही हौसेनं बोलावून घेतलं.

काल सांगलीत एका गॅरेजसमोर रॉकेलचा वास आला आणि जपानमधलं डोंगरातलं हॉटेल आठवलं. त्याच्या व्हरांड्यात रॉकेलचा हीटर जळायचा. त्या दुपारी बर्फ थांबून ऊन पडलं होतं. बर्फावर घसरायला आलेले पाहुणे आत जेवत होते. बाहेर पाखराचासुद्धा आवाज नव्हता. छपरावर माणसाएवढा बर्फ साचून पुढं झुकला होता आणि त्याच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. तेव्हा ती टपटप मला गोड वाटली. तो इशारा होता, हे आता कळतं.

आई बादली घेऊन नेमकी त्याखाली उभी होती.

"आई, आत ये!"

"आगं, लय पाणी वाया चाललंय. हितल्या बायकांना कळत न्हाई व्हय?"

वर काहीतरी करकरलं. हॉटेलची म्हातारी मालकीण हात हलवत, ओरडत धावली. आई तिला हसून म्हणाली, "या, तुमी बी भरा."

मी आईचा दंड धरून तिला ओढलं. मागं छपरावरचा बर्फ धप्पकन कोसळला, पायाखालची जमीन हादरली. बादली कुठं दिसेना.

पुढच्या आठवड्यात मी आईला धडधाकट आटपाडीला घेऊन आले.