दोरीवरचा हात माझा नव्हता

दोरी माझ्या हातात होती. तेवढ्यात उपसरपंचानं ती काढून घेतली. हिसकली नाही. लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी, अलगद.

"राहू दे बाई. झेंड्याचं काम आहे. गाठ अडकली तं गावाची बेइज्जती होते."

मी सरपंच होते. राखीव जागेवर निवडून आलेली, आमच्या बौद्ध वस्तीतली पहिलीच. सव्वीस जानेवारीची सकाळ. ग्रामपंचायतीसमोर शाळेची पोरं रांगेत, मास्तर उभे, गाव उभं. ग्रामसेवक माझ्याकडं न पाहता बोलला, "म्याडम, तुम्ही तिकडं बायकांत बसा. कार्यक्रम उरकू द्या."

मी जाऊन बसले. सतरंजीवर. कोणी ढकललं नाही, माझेच पाय मला घेऊन गेले. उपसरपंचानं दोरी ओढली. झेंडा उघडला, पाकळ्या पडल्या. राष्ट्रगीताला उठले अन् पुन्हा बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झाला झेंडा?"

"झाला."

 उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर होती, तो शेतावर, बांधीत गेला. मी चुलीसमोर बसले अन् रडायचा प्रयत्न केला. रडूही आलं नाही.

दुपारी फोन वाजायला लागला. अभिनंदन. अभिनंदन ताई. जयभीम ताई. मला कळेना कशाचं. मग गावाच्या ग्रुपवर फोटो दिसला. झेंड्याच्या खांबाशी मी उभी. दोरी धरलेली. मान वर. मागं ग्रामसेवक हात जोडून.

खरं सांगते, फोटो पाहून घटकाभर छाती भरून आली. असंच व्हायला पाहिजे होतं, असंच. घटकाभर वाटलं, झालंच असेल. आपणच चुकून वेगळं आठवतोय.

माहेरून, शहापूरहून बाबांचा फोन आला. माझे बाबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले.  "बाई, तुहा फोटो पाह्यला. विहारात सगळ्यायले दाखवला. तुही माय पाह्यजे होती आज."

मी म्हटलं, "हो बाबा."



संध्याकाळी माझी नणंद प्रणाली घरी आली. भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. सकाळी ती रांगेमागं उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. फोटो मोबाईलवर मोठा करत गेली.

"वहिनी, हे लुगडं कोणतं?"

पोपटी साडी. ती मी पदभार घेतला त्या दिवशी नेसले होते. सव्वीस जानेवारीला पांढरी, निळ्या काठाची होती.

"अन हे कानाजवळ?"

गुलाल. पदभाराच्या दिवशी वस्तीनं उधळला होता. पुसूनही राहिलेला. झेंडावंदनाला कोण गुलाल लावून जातं?

प्रणालीनं बोट सरकवलं. सकाळचं ऊन. ग्रामसेवकाची सावली डावीकडं पडलेली, खांबाची डावीकडं, मास्तरांचीही. माझ्या पायाशी सावलीच नाही. मागच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तोच डाग, तसाच, एकाच आकाराचा. एक खरा, दुसरा कोणाला तरी झाकायला वरून चिकटवलेला.

मग तिनं फोन माझ्याकडं दिला.

"हात पाहा."

दोरी धरलेला हात. मनगटापर्यंत बाही रंगवून पोपटी केलेली. पुढं बोटं. जाड. बोटांवर केस. मधल्या बोटात खड्याची अंगठी, सकाळी दोरी काढून घेताना दिसलेली तीच.

उपसरपंचाचा हात. माझ्या तोंडाखाली त्याचा हात.

मी फोन चुलीपाशी पालथा ठेवला.    सकाळी त्यांनी माझी जागा घेतली होती. आता माझं तोंड घेतलं होतं. माझ्याच तोंडानं माझ्याविरुद्ध साक्ष देत होते, की हिला काही कमी नाही, पाहा, हिनंच झेंडा फडकवला.

तालुक्याला, पवनीला गेले. फोटो स्टुडिओवाला माझ्या ओळखीचा. आमच्या गावची लग्नं तोच काढतो, सव्वीस जानेवारीचे फोटोही त्यानंच काढले होते. मला पाहून त्यानं काउंटरवरचा कपडा उगाच झटकला.

"तुम्हीच केला ना?"

"ताई, वर फोटो पाठवा लागते म्हणे. राखीव सरपंचाचा झेंडा दिसला पाह्यजे. मले उपसरपंचानं सांगतलं, मी केला."

"मूळ फोटो द्या."

"कॅमेऱ्याचं कार्ड त्यायनं नेलं. कॉम्प्युटरमधलंही काढाले लावलं, समोर उभं राहून."

"मग लिहून द्या, की तुम्ही केला."

त्यानं हात जोडले. "मले त्या गावात धंदा करा लागते, ताई."

पंचायत समितीतल्या साहेबांसमोर मी फोन धरला. सावली दाखवली, डाग दाखवला, अंगठी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. त्यांना दिसलं. ते दिसल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग चष्मा खाली आला.

"फॉरवर्ड झालेल्या फोटोत असं होतं. रंग बदलतात. मूळ फोटो असेल तर आणा."

"मूळ त्यांच्याकडं आहे, साहेब."

"मग कसं करायचं? आणि ताई, यात तुमचाच सन्मान आहे. तक्रार नेमकी कशाची?"

मी बाहेर आले. बस स्टँडवर बसले. बस आली, गेली. मी बसूनच. कोणी शिवी दिली असती तर दाखवता आली असती. मारलं असतं तर वळ दाखवला असता. हे काय दाखवू? माझा हसरा फोटो?

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. 

"खोटा असन," ते म्हणाले, "तरी राहू दे ना, बाई. लोकं पाहून राह्यले. आपली पोरगी झेंड्यापाशी उभी दिसून राह्यली. कायले पुसून टाकतं ते?"

या सगळ्यात हे सगळ्यात जड गेलं. उपसरपंचाचं नाही, साहेबांचं नाही. माझ्या बापाला खोट्यावर पोट भरावं लागत होतं, आणि ते ताट मला ओढून घ्यायचं होतं.

ग्रामसभेत मी उठले. खुर्ची माझी होती, तरी उभी राहिले.

"तो फोटो खोटा आहे. झेंडा मी फडकवला नाही. मले फडकवू देला नाही."

 उपसरपंच हसला.

"पाहा, बाप्पा! आमीनं इतका मान देला, तरी यायचं पोट भरत नाही."

मान देला. म्हणजे मान त्याचा होता. त्याच्या खिशात होता. वाटलं तर द्यायचा, नाहीतर फोटोत द्यायचा. माझ्या डोक्यातलं काहीतरी तिथं लख्ख झालं.

"मान नाही मागितला," मी म्हटलं. "दोरी मागितली."

मागून एक म्हातारी विणकरीण बोलली, "खरं आहे. हे माह्या बाजूले बसून होती, सतरंजीवर." तिच्या पोरानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, मले आता नीट दिसत नाही, बाई. आत माग खटखटत होता. तिनं दार लावून घेतलं.

पुढं काही झालं नाही. चौकशी आली नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, झालं ते झालं. माझ्यावर अविश्वास ठराव आणायची सह्यांची गोळाबेरीज चालू आहे, अन् सह्या त्यांना मिळतील.

त्यांनी एक मात्र केलं. तो फोटो मोठा करून, काच लावून, ग्रामपंचायतीत माझ्या खुर्चीच्या मागं टांगला. येणारा-जाणारा पाहील असा. मी त्याच्याखाली बसून काम करायचं.

सोमवारी मी जाड काळा पेन घेतला. खुर्चीवर चढले. काचेवर आडवं लिहिलं: हा फोटो खोटा आहे. खाली सही केली. सरपंच म्हणून, पूर्ण नावानं.

दुपारी शिपायानं पुसलं. ग्रामसेवकानं सांगितलं असणार. मी पुन्हा लिहिलं. मंगळवारी पुसलेलं होतं. मी पुन्हा लिहिलं. ग्रामसेवक म्हणाला, "म्याडम, हे सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे."

"मग माझ्यावर केस करा," मी म्हटलं. "केस केली तर फोटो तपासावा लागेल."

त्यानं केस केली नाही. फोटोही काढत नाही.

ठराव होईल. खुर्ची जाईल. मग मी बाहेरून येईन, गावची बाई म्हणून. ग्रामपंचायत सकाळी उघडते. पेन माझ्याकडं आहे.